डिजेरिडूवाला भौतिकशास्त्रज्ञ

मेंदूचा एमआरआय काढताना रुग्णाच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखे एक आवरण बसवतात. अनेकांचा त्यात जीव घाबरा होतो. पण हे आवरण म्हणजे त्या अजस्र यंत्राचा कान. हा कान अधिक तिखट करणाऱ्यांपैकी एक होते ग्रॅहम विगिन्स. संगीतरसिक मात्र त्यांना ‘डॉ. डिज’ म्हणून ओळखत.

‘डिज’ म्हणजे डिजेरिडू, उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे वाद्य. वाळवीने आतून पोखरलेले निलगिरीचे लांब खोड, बस्स! त्याला ना भोके, ना पट्ट्या. ओठ थरथरवत फुंकले, की खर्जातला एकच सूर घुमत राहतो. गालांत साठवलेली हवा बाहेर ढकलतानाच नाकाने श्वास घेतला, की तो सूर तुटत नाही. पुंगी वाजवणारा गारुडीही हेच करतो.

मूळचे अमेरिकी असलेले विगिन्स भौतिकशास्त्रातील डॉक्टरेटसाठी ऑक्सफर्डला आले. या वाद्याचे भौतिकशास्त्र उलगडणारा त्यांचा लेख १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. गिटारवादक मार्टिन क्रॅडिक यांच्यासह त्यांनी ‘आउटबॅक’ ही जोडी जमवली. ‘बाका’ हा त्यांचा अल्बम १९९० चा. पुढे ‘डॉ. डिज’ हा त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद झाला. एका सुराच्या या वाद्याला त्यांनी सॅक्सोफोनसारख्या कळाही बसवल्या आणि त्यातून अनेक सूर काढले.

नंतर ते वळले एमआरआयकडे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनची केंद्रके अतिशय क्षीण रेडिओलहरी सोडतात. त्या टिपायला तारेची वेटोळी लागतात. मोठे वेटोळे शरीरभरचा गोंगाटही गोळा करते. लहान वेटोळे स्पष्ट ऐकते, पण फक्त जवळचेच. तेव्हा डोकेभर लहान वेटोळी लावावीत, हे ओघाने आलेच. अडचण अशी, की शेजारची वेटोळी एकमेकांत लुडबुड करतात आणि साऱ्यांचाच सूर बिघडतो. दोन वेटोळी नेमकी हवी तेवढीच एकमेकांवर चढवली, तर ही लुडबुड थांबते. सपाट पृष्ठावर हे सोपे. गोल डोक्यावर कसे साधायचे?

उत्तर मिळाले फुटबॉलमध्ये. त्याच्या पंचकोनी व षट्कोनी तुकड्यांच्या रचनेवर विगिन्स आणि बोस्टनमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ वेटोळी मांडली. २००६ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, बाजारातील ८ वेटोळ्यांच्या आवरणापेक्षा मेंदूच्या बाह्यस्तरातील संदेश गोंगाटाच्या तुलनेत ३.५ पटींपर्यंत ठळक मिळाला. खोलवर मात्र हा फायदा १.४ पटच होता. लहान वेटोळ्यांची मर्यादा ती हीच. ठळक संदेशामुळे प्रतिमा अधिक बारकाईची तरी मिळते, नाहीतर तपासणी लवकर तरी उरकते. वेदनेने तळमळणाऱ्याला वा चुळबुळ्या मुलाला ती वाचलेली काही मिनिटेही मोलाची असतात.

या गटाने पुढे ९६ वेटोळ्यांचे आवरणही बनवले. त्यानंतर विगिन्स न्यूयॉर्क विद्यापीठात हेच काम करत राहिले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. ३२ वेटोळ्यांची आवरणे आज अनेक संशोधन केंद्रांत वापरात आहेत. ती डोक्याला इतकी लगटून असतात, कारण वेटोळे जरा दूर गेले की मेंदूचा आवाज क्षीण होतो.