न्हाणीघरातील कपाटावरचा दिवा : दोष शोधण्याची रीत

तलावासाठी व बोरांसाठी खानदेशात ओळखले जाणारे मेहरूण आता जळगाव शहराचाच भाग झाले आहे. जुन्या घरातील मोरीची जागा नव्या घरात बंद न्हाणीघराने घेतली. तेथे आरशाचे कपाट आले आणि कपाटावर छोटा दिवा आला. ही सोय आता खेड्यातील नव्या घरांतही दिसते. असा दिवा एखाद्या सकाळी लागेनासा झाला, म्हणजे कोणी त्याला टिचकी मारतो, कोणी ओल्या हाताने बल्ब फिरवून पाहतो. ही दुरुस्तीची रीत नव्हे, अपघाताची आहे. दोष अंदाजाने न शोधता क्रमाने शोधावा, हे विज्ञानाच्या तासाला शिकविले जाते. तेच घरी कसे आचरावे, याचा येथे विचार केला आहे.

धोका कशात आहे?

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. त्वचा कोरडी असता शरीराचा रोध कित्येक हजार ओहम असतो. ती भिजली की तो सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. ओहमच्या नियमाने २३० ला १,००० ने भागले असता ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह येतो. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहानेच स्नायू आखडतात व हातातील वस्तू सोडता येईनाशी होते. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह शरीरातून वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडण्याचे भय असते. कपाट पत्र्याचे असून आतील तारेचे आवरण झिजले असेल, तर नुसत्या कपाटाला हात लागणेही घातक ठरू शकते.

शोधाचा क्रम

प्रथम कशासही हात न लावता निरीक्षण करावे. घरातील सर्वच दिवे गेले आहेत काय? न्हाणीघरातील दुसरा दिवा लागतो काय? तो लागत असेल, तर दोष कपाटाच्या दिव्यात, त्याच्या बटणात किंवा त्याच्या तारेत आहे, एवढे तरी निश्चित होते.

त्यानंतर वीज तोडावी. भिंतीवरील बटण बंद करणे पुरेसे नाही. ते चुकून न्यूट्रल तारेवर बसविलेले असेल, तर दिवा विझतो, पण फेज होल्डरापर्यंत तशीच राहते. तारेच्या रंगावरही विसंबू नये; जोडणाऱ्याने रंग पाळले असतीलच असे नाही. म्हणून घराचा मुख्य खटकाच बंद करावा, घरातील मंडळींना तसे सांगून ठेवावे, हात व जमीन कोरडी करावी आणि मगच दिव्याजवळ जावे.

आता बल्ब थंड झाल्यावर काढून दुसऱ्या खोलीतील चालू बल्ब तेथे बसवावा व जुना बल्ब त्या खोलीत लावावा. मग वीज सुरू करून दोन्हीकडे पाहावे. जुना बल्ब दुसऱ्या खोलीतही लागला नाही आणि चालू बल्ब येथे लागला, तर दोष बल्बचाच. जुना तिकडे लागला आणि चालू बल्ब येथे लागला नाही, तर दोष होल्डरात, बटणात किंवा तारेत आहे. एका वेळी एकच शंका तपासली, म्हणजे उत्तर निःसंदिग्ध मिळते.

वीज पुन्हा तोडून होल्डर पाहावा. न्हाणीघरातील वाफेने त्याच्या पितळी टोकांवर गंज चढतो, स्क्रू सैल होतात, सैल जोडावर ठिणगी पडून काळे डाग उमटतात. दिव्याची तार कपाटाच्या दारातून गेली असेल, तर उघडझाप होऊन ती बिजागरीपाशी तुटते. एलईडी पट्टी बंद आवरणात असेल, तर पुष्कळदा तिला वीज पुरविणारा ड्रायव्हर उष्णतेने व ओलाव्याने निकामी होतो. तेव्हा तज्ज्ञाकडून तो किंवा सबंध दिवा बदलून घेणे श्रेयस्कर.

कोठे थांबावे?

टेस्टर पेटला नाही म्हणून वीज नाही, असे मानू नये. टेस्टरच बिघडलेला असू शकतो. उलट न्यूट्रल तार तुटली असता, बल्ब जागेवर असेल तर होल्डरच्या दोन्ही टोकांवर टेस्टर पेटतो आणि दिवा मात्र लागत नाही. असे प्रकार चालू विजेवर तपासावे लागतात. ते परवानाधारक वायरमनचे काम होय. कपाटाला हात लावताच झिणझिण्या आल्या, जळका वास आला किंवा खटका वारंवार पडू लागला, तर त्याच क्षणी थांबावे. पडलेला खटका पुनःपुन्हा वर करणे म्हणजे धोक्याची घंटा बांधून ठेवण्यासारखे आहे.

वायरमन आला असता अर्थिंगची तपासणी करून घ्यावी व घरात आरसीसीबी आहे की नाही, ते विचारावे. साधा एमसीबी तारा जळण्यापासून वाचवितो. ६ अँपिअरचा एमसीबी ३० मिलिअँपिअरच्या दोनशे पट प्रवाहही बिनतक्रार वाहू देतो. आरसीसीबी मात्र जाणारा व परत येणारा प्रवाह ताडून पाहतो आणि घरांसाठी वापरला जाणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढी गळती होताच क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

वर्गात उपयोग

हीच रीत मुलांना शिकविण्यास १.५ व्होल्टचा सेल, टॉर्चचा बल्ब आणि तारेचे दोन तुकडे पुरेत. शिक्षकांनी मंडलात एकच दोष गुपचूप ठेवावा : बल्ब सैल करावा, तारेचे टोक आवरणासह जोडावे किंवा संपलेला सेल घालावा. मुलांनी आधी तर्क सांगावा, मग एकच गोष्ट बदलून पाहावी आणि काय आढळले ते लिहावे. भिंतीवरील सॉकेटशी हा प्रयोग कदापि करू नये, हे त्यांच्याकडून वदवून घ्यावे. घरात दिवा गेला असता ‘आधी मुख्य खटका बंद करा’ असे सांगणारे मूल ज्या घरी असेल, त्या घरी हा पाठ पोहोचला असे समजावे.