राखीव प्रतीची खरी कसोटी

दक्षिण कोरियातील देजॉन येथे शासनाच्या माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि ७०९ शासकीय संगणक प्रणाली बंद पडल्या. पुढे सेवा टप्प्याटप्प्याने पूर्ववत करण्यात आल्या. परंतु कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवलेला सुमारे ८५८ टेराबाइटचा सामाईक साठा नष्ट झाला. त्याची प्रत बाहेर कोठेही नव्हती. साठ्याचा प्रचंड आकार हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. महाराष्ट्रातही आज सातबारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळांची माहिती संगणकात असते. म्हणून राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, आटोपशीर कशी ठेवावी आणि वेळ येताच परत कशी आणावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

द्विरुक्ती टाळण्याची रीत

रोजच्या प्रतींमध्ये तीच माहिती पुन्हा पुन्हा येते. एखाद्या कार्यालयाची माहिती १०० गिगाबाइट असून रोज तिचा १ टक्का बदलतो असे धरले, तर ३० दिवसांच्या पूर्ण प्रतींना ३,००० गिगाबाइट जागा लागेल. त्यात वेगळी अशी माहिती मात्र सुमारे १२९ गिगाबाइटच असेल. ही उधळपट्टी टाळण्याच्या पद्धतीस 'डीडुप्लिकेशन' म्हणतात. तीत माहितीचे लहान तुकडे पाडून प्रत्येकाची, अंगठ्याच्या ठशासारखी, एक गणिती खूण काढण्यात येते. ती खूण पूर्वी नोंदलेली असल्यास तुकडा पुन्हा न साठविता सूचीत केवळ त्याचा निर्देश केला जातो.

हे काम साठवण यंत्रात होऊ शकते, तसेच माहिती पाठविणाऱ्या संगणकावर, म्हणजे क्लायंटवरही होऊ शकते. दुसऱ्या पद्धतीत संगणक आधी केवळ खुणा पाठवितो आणि यंत्राकडे नसलेले तुकडेच पुढे धाडतो. डेटा डोमेन यंत्रांमध्ये ही सोय 'डीडी बूस्ट' या नावाने आहे. जेथे जोडणी मंद आहे, अशा कार्यालयांना ती विशेष उपयोगी पडते.

मांडणी करताना

साठवण यंत्रावर प्रत्येक कार्यालयासाठी स्वतंत्र खाते व जागा निश्चित करावी आणि तेवढीच परवानगी संबंधित संगणकास द्यावी. खुणा काढण्याचा भार त्या संगणकावर पडत असल्याने हे काम कार्यालयीन वेळेनंतर ठेवावे. क्रम महत्त्वाचा आहे: प्रथम तुकडे व खुणा, नंतर आकुंचन आणि शेवटी सांकेतिकीकरण. माहिती आधीच आकुंचित वा सांकेतिक केली, तर सारखा मजकूरही निराळा दिसू लागतो आणि बचत जवळजवळ संपुष्टात येते.

या बचतीस एक धोकाही जडलेला आहे. एकच तुकडा शेकडो प्रतींना आधार देतो. तो बिघडला तर त्या सर्व प्रती बिघडतात. म्हणून दुसरी प्रत निराळ्या यंत्रावर, दुसऱ्या गावी असावी आणि तुकड्यांच्या सूचीचीही राखीव प्रत घ्यावी.

प्रत परत आणणे

गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य माहितीसाठा चुकीने पुसला गेला. तेव्हा आढळले की, रोजच्या प्रती तयारच होत नव्हत्या. प्रत घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती माहितीसाठ्याशी जुळत नव्हती आणि अपयशाची सूचना देणाऱ्या ई-मेल कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. सुमारे ६ तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली प्रत हाताशी होती, म्हणूनच बहुतांश माहिती वाचली.

यावरून प्रत परत आणून पाहण्याचे महत्त्व स्पष्ट होते. ही चाचणी मूळ माहितीवर कधीही करू नये. रिकाम्या, वेगळ्या जागी करावी. फायलींची संख्या व खुणा पडताळाव्यात, काही नोंदी प्रत्यक्ष उघडून वाचाव्यात आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. विखुरलेले तुकडे जुळवावे लागत असल्याने हा वेळ अपेक्षेपेक्षा अधिक असू शकतो. निदान तीन महिन्यांतून एकदा अशी चाचणी घेऊन तिची नोंद दप्तरी ठेवणे इष्ट होय.

दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला वा विद्यार्थ्याला यंत्रात किती जागा वाचली, याच्याशी कर्तव्य नसते. त्याची नोंद त्याला मिळाली पाहिजे. जी प्रत परत आणून पडताळली आहे, तीच भरवशाची मानावी.