एका ओळीची दुरुस्ती

संगणकाच्या पडद्यावर विमान चालविणे हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षितांतही आढळते. ती सर्वस्वी चुकीची नाही. हा खेळ खेळणाऱ्यांत रिकामटेकडे असतातच. परंतु 'फ्लाइटगिअर' नावाच्या आभासी उड्डाणाच्या आज्ञावलीचा इतिहास पाहिला म्हणजे, ती चालविणाऱ्यांपेक्षा ती घडविणाऱ्यांचा व्यवहार अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक विचार करावयास लावतो. १९९६ साली डेव्हिड मर यांनी मांडलेल्या प्रस्तावातून ही कल्पना पुढे आली, मिनेसोटाच्या कर्टिस ओल्सन यांनी तिला आकार दिला आणि १९९७ मध्ये तिची पहिली सर्वत्र चालणारी आवृत्ती निघाली. तेव्हापासून ही आज्ञावली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. अट एवढीच की, बदललेली प्रत दुसऱ्यास देणाऱ्याने तिचा मूळ मजकूरही त्याच अटींवर खुला ठेवावा.

हे काम कोणी एका बैठकीत लिहून काढलेले नाही. विमानाच्या गतीचे आरंभीचे गणित 'नासा'च्या एका जुन्या आज्ञावलीतून आले. पुढे जॉन बर्न्ट यांच्या 'जेएसबीसिम' या स्वतंत्र आज्ञावलीने त्यात मोलाची भर घातली. डोंगरदऱ्यांची उंची फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अवकाशयानाने केलेल्या अकरा दिवसांच्या रडार-मोजणीतून मिळाली. लोहगावच्या धावपट्टीवरून आभासी विमान उचलून पश्चिमेकडे वळविले असता सह्याद्रीची जी रांग समोर उभी राहते, ती मूळची अमेरिकन करदात्याच्या पैशाने मोजलेली आहे, हे पुण्याच्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु या मोठ्या देणग्यांनी केवळ सांगाडा उभा राहतो. त्यात प्राण ओतणारे काम अगदी किरकोळ स्वरूपाचे असते. धावपट्टीवर उभे असलेले विमान विनाकारण थरथरते म्हणून कोणी चाकांच्या दांड्याचा एखादा गुणांक बदलतो. वारा पूर्ण पडला की शून्याने भागण्याचा प्रसंग येऊन आज्ञावली कोसळते, तेथे कोणी एक पडताळणी घालतो. कोठे फूट आणि मीटर यांची गल्लत झालेली असते. धावपट्टीचे क्रमांकसुद्धा कायमचे नसतात. ते चुंबकीय दिशेवरून, दहा अंशांच्या मापाने ठरतात. लोहगावची धावपट्टी १०/२८ म्हणजे एका टोकाने सुमारे शंभर अंश व दुसऱ्या टोकाने दोनशे ऐंशी अंश. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकत असल्याने २००९ साली लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाला आपल्या धावपट्टीचा क्रमांक ०५/२३ वरून ०४/२२ करावा लागला. खऱ्या विमानतळावर रंगाऱ्याने आकडा बदलला की आभासी विमानतळावरही कोणीतरी तो बदलावयास हवा. थोडक्यात, पृथ्वी सरकली तरी एका ओळीची दुरुस्ती आवश्यक होते.

ही दुरुस्ती कशी नोंदली जाते, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला चटकन समजेल. हिशेबाच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकीच्या आकड्यावर आडवी रेघ मारावयाची, वर बरोबर आकडा लिहावयाचा आणि शेजारी आद्याक्षरी करावयाची, ही तेथील शिस्त. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली 'गिट' ही नोंदपद्धती नेमके हेच करते, आणि फ्लाइटगिअरचे काम २०१० पासून तिच्यावर चालते. काढलेल्या ओळीमागे वजा चिन्ह, घातलेल्या ओळीमागे अधिक चिन्ह, सोबत करणाऱ्याचे नाव, दिनांक आणि कारण. दहा वर्षांपूर्वी एखादी ओळ कोणी व का बदलली, हे आजही पाहता येते. आपल्या कचेऱ्यांतील सर्वच फायलींविषयी एवढ्या खात्रीने बोलता येईल काय?

पुण्याला तर ही रीत परकी वाटण्याचे कारणच नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर यांनी त्याची सूत्रे घेतली. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बेलवलकर आणि त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले, आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. १,२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग करण्यात आला. काश्मिरी पोथीत एक शब्द, दाक्षिणात्य पोथीत दुसरा. संपादकाने एक पाठ स्वीकारला, तरी दुसरा फेकून दिला नाही, तळाशी पाठभेद म्हणून नोंदविला. उद्या कोणा अभ्यासकाला संपादकाचा निर्णय चुकला असे वाटले, तर त्याला लागणारा सर्व पुरावा त्याच पानावर आहे. संगणकाच्या आज्ञावलीचे प्रयोजन निराळे असते हे उघड आहे. तेथे जुन्यात जुना पाठ शोधावयाचा नसून चालणारा पाठ हवा असतो. परंतु दोन्हीकडे वृत्ती एकच आहे: सार्वजनिक ग्रंथाचा एकेक शब्द तपासणे, आणि तपासल्याचा दाखला मागे ठेवणे.

खाजगी मालकीच्या आज्ञावलींत बदल होत नाहीत असे नाही. किंबहुना ते पुष्कळदा अधिक वेगाने होतात, कारण तेथे पगारी माणसे असतात. मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर' १९८२ पासून बाजारात होता आणि त्याचा चाहतावर्ग जगभर होता. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने काटकसरीच्या धोरणात तो तयार करणारा विभागच बंद केला. तो अवतार तेथेच थांबला. मूळ मजकूर कंपनीच्या कुलपात असल्याने लक्षावधी चाहत्यांना तो पुढे नेता आला नाही. २०२० साली कंपनीने नव्या रूपात तो पुन्हा आणला, आणि दृश्यांच्या देखणेपणात फ्लाइटगिअर त्याच्या जवळपासही फिरकू शकत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मात्र मधल्या काळात गरीब दिसणारी ही आज्ञावली कोणाच्याही संचालक मंडळाला न विचारता चालू राहिली. वैमानिकरहित विमानांच्या चाचण्यांपासून विद्यापीठांतील संशोधनापर्यंत तिचा उपयोग होतो, तो ती सुंदर आहे म्हणून नव्हे; ती उघडून पाहता येते म्हणून.

येथे अर्थशास्त्राचा जुना प्रश्न उभा राहतो. जी वस्तू सर्वांना फुकट मिळते, तिच्या डागडुजीचा खर्च कोणी सोसावयाचा? पिगू यांनी फार पूर्वी दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकाम करणारणीशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. बिनपगारी श्रम हिशेबात धरले जात नाहीत, आणि रात्री जागून दुसऱ्याच्या आज्ञावलीतील चूक शोधणाऱ्याचे श्रम त्याच जातीचे. उलट, फ्लाइटगिअरच्याच प्रती नाव बदलून पैसे घेऊन विकणारे विक्रेतेही निघाले. परवान्याच्या अटी पाळल्या तर त्यास कायद्याची आडकाठी नाही. श्रम एकाचे आणि विक्री दुसऱ्याची, हा प्रकार शेतमालाच्या बाजारात पाहिलेल्यांना नवा वाटणार नाही.

खेळात चूक राहिली तर फार तर आभासी विमान पडेल. पण याच पद्धतीने तयार झालेल्या आज्ञावलींवर आज बँका आणि कचेऱ्या चालतात. संगणकांमधील गुप्त संदेशवहनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'ओपनएसएसएल'मध्ये, एका लांबीची पडताळणी राहून गेल्यामुळे, दोन वर्षे एक भगदाड होते. ते एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' या नावाने उजेडात आले तेव्हा जगाला कळले की, मोठमोठ्या कंपन्या जिच्या भरवशावर होत्या त्या संस्थेला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर. मार्च २०२४ मधील 'एक्सझेड' प्रकरण तर अधिक बोधप्रद म्हणावे लागेल. तेथे एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन-अडीच वर्षे लहानसहान, उपयुक्त दुरुस्त्या पाठवून, कामाच्या ओझ्याने थकलेल्या मूळ कर्त्याचा विश्वास संपादन केला आणि अखेरीस चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकाशी जोडणी होण्यास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले, म्हणून तो पकडला गेला. तेव्हा लहान दुरुस्ती ही स्वभावत:च पवित्र असते, असे समजण्याचे कारण नाही. ती वाचणारा दुसरा माणूस असावा लागतो, आणि त्या माणसाला वेळ असावा लागतो. भांडारकर संस्थेलाही औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले, तेव्हा महाभारताच्या कामाला हात घालता आला.

दुसरी अडचण खास आपली आहे. फ्लाइटगिअरमध्ये युरोपातील शेत, कुरण आणि जंगल यांच्या सीमा बारकाईने दिसतात, कारण युरोपच्या भूवापराचा 'कोरीन' हा नकाशा सार्वजनिक पैशातून तयार होऊन सर्वांना खुला झाला. आपल्याकडे १७६७ सालापासूनचा सर्वेक्षण विभाग असूनही त्याचे तपशीलवार नकाशे दीर्घकाळ सामान्य नागरिकाच्या हाती मोकळेपणाने येत नव्हते. २००५ च्या नकाशा-धोरणाने थोडी वाट केली आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बरीच बंधने सैल केली. लोहगाव हे वायुसेनेचे ठाणे असल्याने तेथील काही गोष्टी झाकलेल्या राहणार, हे योग्यच आहे. पण मुळा-मुठेचा काठ आणि दिव्याचा घाट यांत संरक्षणाचे कोणते गुपित दडले होते?

पुण्यात संगणक शिकणाऱ्या तरुणांची वाण नाही. वाण आहे ती दुसऱ्याचे काम पुढे नेण्याच्या सवयीची. पदवीच्या अंतिम वर्षाचा प्रकल्प कसा होतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. 'ग्रंथालय व्यवस्थापन', 'हजेरीपट', 'रुग्णालय नोंदणी' असे विषय वर्षानुवर्षे नव्याने आरंभापासून लिहिले जातात, सोनेरी अक्षरांच्या बांधणीत सादर होतात, तोंडी परीक्षा होते आणि कपाटाला कुलूप लागते. गेल्या वर्षीच्या तुकडीने केलेल्या कामातील चूक यंदाच्या तुकडीने सुधारली तर तिला 'स्वत:चे काम' नाही म्हणून गुण कमी मिळण्याचीच भीती. मग कोणी कोणाचे वाचावे कशासाठी?

याला अपवाद घडला, तोही पुण्यातच. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये हाती घेतलेला 'स्वयम्' हा एक किलोपेक्षाही कमी वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या यानातून अवकाशात गेला. आठ वर्षांत तुकड्यांमागून तुकड्या पदव्या घेऊन बाहेर पडल्या. ज्यांनी आराखडा काढला ते उड्डाणाच्या वेळी नोकऱ्यांत होते, आणि ज्यांनी शेवटची चाचणी केली ते आरंभी शाळेत होते. मागच्यांचे समजून घेतल्याखेरीज पुढच्यांना एक पाऊलही टाकता आले नसते. उपग्रहाला मात्र इस्रोचे यान आणि वर्षानुवर्षांचा निधी लागतो. फ्लाइटगिअरसारख्या कामाला लागतो तो साधा संगणक, आणि दुसऱ्याने लिहिलेली हजारो ओळींची संहिता वाचण्याची चिकाटी.

शिक्षण म्हणून त्याचे मोल वेगळेच आहे. विद्यार्थ्याने पाठविलेली दुरुस्ती बहुधा पहिल्या खेपेस परत येते. दूरच्या देशातील कोणी अनोळखी मनुष्य सभ्य शब्दांत विचारतो: हा बदल दुसऱ्या विमानांवर तपासला काय? कारण का लिहिले नाही? एका नोंदीत तीन विषय का मिसळले? अशी कसून झडती आपल्या तोंडी परीक्षेत किती जणांच्या वाट्याला येते? आणि स्वीकारलेली दुरुस्ती दिनांक व नावासह कायम राहते, तेव्हा तिची सत्यता तपासणे परीक्षकालाही अवघड नाही. प्राध्यापकांच्या बढतीत शोधनिबंध मोजले जातात. विद्यार्थ्याला अशा झडतीसाठी तयार करणाऱ्या शिक्षकाच्या श्रमांना मात्र त्या मोजमापात जागा सापडणे कठीण.

पुढील वर्षाच्या प्रकल्पांची यादी ठरेल तेव्हा 'ग्रंथालय व्यवस्थापन' तीत पुन्हा येईलच. वापरात असलेल्या सार्वजनिक आज्ञावलीतील स्वीकारलेली दुरुस्ती ही प्रकल्पास समतुल्य मानावी, एवढे वाक्य त्या यादीखाली घालण्यास अभ्यासमंडळाला पैसा लागणार नाही आणि शासनाची परवानगीही नको.