मुहूर्त पाहताना व्हिसाची तारीखही पाहावी

शिक्षण व व्यवसायाच्या निमित्ताने आपली मुलेमुली दूरदेशी जाऊ लागली आणि परदेशी सून किंवा जावई ही समाजाला नवलाची गोष्ट राहिली नाही. मात्र अशा विवाहांत एक समजूत वारंवार आढळते : लग्न लागले की व्हिसाचा प्रश्न आपोआप मिटतो. ही समजूत घातक ठरू शकते.

परदेशी वधू जैन, हिंदू, बौद्ध वा शीख नसेल, तर भारतातील विवाहासाठी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आधार घ्यावा लागतो. वर गोंदियाचा रहिवासी असल्यास येथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देता येते. परंतु त्यानंतर तीस दिवस थांबणे अनिवार्य आहे. वधू तीस दिवसांच्या पर्यटक व्हिसावर आली असेल, तर विवाहापूर्वीच तिची मुदत संपते.

याचे परिणाम दूरवर पोहोचतात. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ अन्वये भारतीयाशी विवाह केलेल्या व्यक्तीस सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र मुदत उलटूनही राहणाऱ्यास हाच कायदा सामान्यतः ‘अवैध स्थलांतरित’ मानतो व त्याला हे दार बंद होते. उलट व्हिसा चालू असताना विवाह झाला, तर त्याचे रूपांतर प्रवेश व्हिसात करून घेण्याची सोय आहे. नोंदणीकृत विवाहास सलग दोन वर्षे झाल्यावर, काही अपवाद वगळता, ओसीआय कार्डासाठीही अर्ज करता येतो.

अमेरिकेचा नियम निराळा आहे. तेथे रीतसर व्हिसावर प्रवेश केलेल्या व्यक्तीने अमेरिकन नागरिकाशी खरा विवाह केला, तर मुदत उलटली असली तरी देशात राहूनच ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. जोडीदार केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर ही सवलत सहसा मिळत नाही. अर्ज प्रलंबित असता आजीच्या आजारपणासाठी गोंदियाला धाव घेण्याचा मोह अनावर होतो. पण १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक अवैध वास्तव्यानंतर देश सोडल्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक असल्यास दहा वर्षे पुनःप्रवेश रोखला जातो. कार्ड मिळतेवेळी विवाहास दोन वर्षे झाली नसतील, तर तेही दोन वर्षांपुरते सशर्त असते. विवाह खरा असल्याचे नंतर पुन्हा सिद्ध करावे लागते.

कागदाचे मोल शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात १९७२ पासून वसलेल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतील तिबेटी कुटुंबे नोंदणी प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करीत आली आहेत. अर्धशतकाचे वास्तव्यही त्या कागदाची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून सोयरीक जुळताच पत्रिकेसोबत पासपोर्टही पाहावा. मुदत संपत आली असेल, तर ती संपण्यापूर्वीच जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातील परदेशी नागरिक नोंदणी विभागाकडे जावे. अमेरिकेतील प्रकरणी तेथील परवानाधारक वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज प्रवासाचे तिकीट काढू नये. आणि मुदत उलटली असेल, तर ती गोष्ट सासर-माहेर दोन्हीकडे लपवू नये. उघड केलेल्या अडचणीवर वेळेत उपाय शोधता येतो. लपवलेली अडचण नेमकी अर्जाच्या दिवशी समोर येते आणि तिची झळ नवदांपत्याच्या संसाराला बसते.