हायब्रिड मोटारीचे स्पार्क प्लग : घरच्या घरी बदलताना

हायब्रिड मोटारीत विजेची मोटर असली, मोठी बॅटरी असली, तरी बॉनेटखाली पेट्रोलचे इंजिन असतेच आणि त्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारा स्पार्क प्लगही असतो. टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. इनोव्हा हायक्रॉस आणि होंडा सिटी ई-एचईव्ही यांत चार. भारतात विक्रीला आलेली पहिली हायब्रिड मोटार म्हणजे २००८ ची होंडा सिव्हिक हायब्रिड. तिच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते, म्हणजे चार सिलिंडरांना आठ. नवे प्लग बसवण्याआधी आपल्या गाडीत ते किती आहेत आणि कोणत्या क्रमांकाचे आहेत, हे वाहनपुस्तिकेत पाहणे ही पहिली पायरी.

दिंडोरी तालुक्यात या कामाची ओळख वेगळ्या वाटेने झालेली आहे. द्राक्षबागांतले ट्रॅक्टर, मालवाहू टेम्पो, जुन्या जीपगाड्या हे सारे डिझेलवर चालणारे. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. तिथे स्पार्क प्लग नसतो. नाशिकच्या सातपूरमधील बॉश, म्हणजे पूर्वीची मायको, ही कंपनीही डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल यांसाठी ओळखली जाते. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांत प्लगशी संबंध आला तो मोटारसायकल आणि स्कूटरमुळे. प्लग काढावा, पॉलिश पेपरने घासावा, पात्याने गॅप लावावी, किक मारून ठिणगी पाहावी, ही त्या काळची रीत. हायब्रिडच्या प्लगला यातली एकही गोष्ट लागू पडत नाही, आणि काही तर हानिकारक ठरतात.

ठिणगी कशी पडते

बारा व्होल्टच्या बॅटरीतील वीज इग्निशन कॉइलमध्ये वाढून वीस हजार व्होल्टच्या पुढे जाते. आजच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. जुन्या गाड्यांसारख्या लांब जाड वायरी नसतात. प्लगच्या मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते. तिथे ही वीज उडी मारते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्लग दोन आवर्तनांत एकदा ठिणगी देतो. इंजिन मिनिटाला २,००० आवर्तने फिरत असेल तर एक प्लग मिनिटाला १,००० वेळा पेटतो. ताशी सरासरी ५० किलोमीटर धरले तर एक लाख किलोमीटरला दोन हजार तास लागतात, आणि तेवढ्या काळात एका प्लगच्या ठिणग्या सुमारे १२ कोटी होतात. प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडच्या धातूचा अतिसूक्ष्म अंश झिजतो. फट वाढली की उडी मारायला अधिक व्होल्ट लागतात. कॉइलवर ताण येतो आणि मधूनमधून ठिणगी चुकते. यालाच मेकॅनिक ‘मिसिंग’ म्हणतात.

झीज कमी व्हावी म्हणून टोकाला इरिडियम किंवा प्लॅटिनम जोडतात. निकेल १,४५५ अंश सेल्सियसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना आणि इरिडियम सुमारे २,४५० अंशांना. इरिडियम कठीण असल्याने त्याचे टोक अगदी बारीक करता येते, आणि बारीक टोकावर ठिणगी कमी व्होल्टमध्ये पडते. म्हणून निकेलचा प्लग काही दहा हजार किलोमीटरनंतर बदलावा लागतो, तर इरिडियमचा साधारण लाख किलोमीटर टिकतो.

हायब्रिडमध्ये वेगळे काय

हायब्रिडचे इंजिन सतत चालत नाही. गावातून हळू जाताना, सिग्नलला, उतारावर ते बंद असते. वणीमार्गे नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना इंजिनावर पूर्ण भार येतो. त्याच घाटातून उतरताना ते बराच वेळ गप्प राहते आणि चाकांच्या गतीतून बॅटरी भरते. म्हणजे मीटरवरचे किलोमीटर आणि इंजिन प्रत्यक्ष चाललेले तास यांचे प्रमाण साध्या गाडीसारखे नसते.

ही बाब प्लगच्या बाजूची वाटते, पण तिची दुसरी बाजूही आहे. इंजिन पुन्हापुन्हा सुरू होते आणि छोट्या फेऱ्यांत ते पुरते तापत नाही. प्लगचे टोक सुमारे ४५० अंशांच्या वर गेले तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. घरापासून बाजारापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी ते तापमान गाठले जात नाही आणि काजळी साचत राहते. म्हणून बदलण्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे या दोन्हींत सांगितलेली असेल तर जी आधी पुरी होईल ती धरावी.

बाजारात ‘हायब्रिड’ हा शब्द दोन प्रकारच्या गाड्यांवर दिसतो. मारुती अर्टिगासारख्या ‘स्मार्ट हायब्रिड’ गाड्यांत बारा व्होल्टची साहाय्यक यंत्रणा असते. तिथे प्लग बदलण्याचे काम साध्या पेट्रोल गाडीसारखेच. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मात्र शेकडो व्होल्टची बॅटरी असते आणि तिच्या जाड केबल भगव्या-नारिंगी आवरणाच्या असतात. प्लग बदलताना त्या केबलना, इन्व्हर्टरला किंवा त्या बॅटरीची वीज तोडणाऱ्या सर्व्हिस प्लगला हात लावावा लागत नाही, आणि लावूही नये.

सर्वात मोठा धोका

स्ट्राँग हायब्रिडमध्ये धोका प्लगच्या विजेपेक्षा इंजिन आपोआप सुरू होण्यात आहे. गाडी ‘रेडी’ स्थितीत असेल तर आवाज शून्य असतो, दिसायला ती बंदच वाटते; पण बॅटरी उतरली किंवा इंजिन थंड वाटले की संगणक इंजिन फिरवतो. बॉनेटखाली हात असताना हे झाले तर बोटे जाऊ शकतात. म्हणून गाडी पूर्ण बंद करावी, पार्किंग ब्रेक लावावा आणि स्मार्ट की घरात, गाडीपासून दूर ठेवावी. लहान मुलांच्या हाती ती लागणार नाही हेही पाहावे.

त्यानंतर बारा व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल, सोडवावी. काही गाड्यांत ही बॅटरी डिकीत असते आणि डिकीचे कुलूप विजेवर चालते; तार सोडल्यावर डिकी बंद केली तर ती उघडायला त्रास होतो. तार जोडल्यानंतर घड्याळ आणि काचांची स्वयंचलित वर-खाली यंत्रणा पुन्हा लावावी लागू शकते. त्यासाठी पुस्तिकेतली माहिती आधीच वाचून ठेवावी.

साहित्य

१० मिलिमीटरचा गोटी पाना, रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, आतून रबर किंवा चुंबक असलेला प्लगचा पाना, टॉर्क रेंच आणि हवेचा झोत, एवढे साहित्य पुरते. प्लगचा पाना गाडीप्रमाणे १६ किंवा १४ मिलिमीटरचा लागतो. १४ च्या जागी बऱ्याचदा पातळ भिंतीचा पाना हवा असतो, नाहीतर तो प्लग बसतो त्या खोल विहिरीत शिरत नाही. नवे प्लग गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचेच घ्यावेत. त्या क्रमांकात आट्यांची जाडी, लांबी आणि उष्णतेची श्रेणी दडलेली असते. आटे अधिक लांब असले तर प्लगचे टोक पिस्टनला धडकू शकते. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, बॉशच्या क्रमांकात उलटे असते. म्हणून नुसता आकडा जुळवून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊ नये.

कामाचा क्रम

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. तापलेले असताना प्लग फिरवला तर मऊ आटे प्लगबरोबर निघून येतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी हाती घेणे उत्तम.

इंजिनावरचे प्लास्टिकचे आवरण उचलून काढावे. काही गाड्यांत इंजिन मागे सरकलेले असते आणि वायपरखालची पट्टी काढल्याशिवाय पाना पोहोचत नाही; टोयोटा प्रियसच्या काही पिढ्यांत हा अनुभव येतो. अशी गाडी असेल तर काम घरी करायचे की नाही याचा निर्णय इथेच घ्यावा.

कॉइलचा जोड दाबून सोडवावा. जुने प्लास्टिक ठिसूळ असते, ओढून काढू नये. बोल्ट काढून कॉइल किंचित फिरवत सरळ वर उचलावी. त्याच वेळी उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हेही पाहून घ्यावे. खेड्यातल्या अंगणात आणि बागेच्या शेडमध्ये उभ्या गाड्यांना हा त्रास नेहमीचा.

आता हवेचा झोत. बागेच्या मातीच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीच्या प्लगविहिरीत धूळ आणि बारीक खडे साठलेले असतात. प्लग काढल्यावर ते थेट सिलिंडरमध्ये पडतात आणि त्याच्या भिंतीवर ओरखडे पाडतात. म्हणून प्लग हलवण्याआधी विहीर स्वच्छ करावी आणि एका वेळी एकच प्लग काढावा.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत, कारण ते इंजिनाची प्रकृती सांगतात. टोक फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा फेऱ्या फार छोट्या. तेलकट काळेपणा म्हणजे ऑइल आत येत आहे. पांढरेफटक, फोड आलेले टोक म्हणजे अतिउष्णता. चारांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी घटत असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी करून घ्यावी. चिनीमातीच्या बाहेरच्या भागावरचा तपकिरी पट्टा मात्र दोष नव्हे; उच्च दाबाच्या विजेमुळे तेलाचे कण तिथे चिकटतात.

नव्या इरिडियम प्लगला पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा पाते लावू नये. बारीक टोक तुटते. फट कारखान्यातच लावलेली असते. तपासायची असेल तर तारेच्या गेजने, जोर न लावता. हातातून पडलेला प्लग वापरू नये. चिनीमातीतला तडा डोळ्यांना दिसत नाही.

प्लग पाना-एक्स्टेन्शनला लावून, रॅचेट न जोडता, बोटांनीच आत फिरवावा. अडला तर उलटा फिरवून पुन्हा सुरू करावा. तिरक्या आट्यात जोराने घातलेला प्लग म्हणजे नवे हेड, किंवा निदान मोठा खर्च. हाताने पुरता बसल्यावर टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळावा. अनेक गाड्यांत तो २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नये. घर्षण कमी झाल्याने तोच टॉर्क प्लगला अधिक ताणतो आणि आटे उखडू शकतात. टॉर्क रेंच नसेल तर वॉशर असलेला नवा प्लग बोटांनी बसल्यानंतर साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळतात; प्लगच्या खोक्यावर ही खूण छापलेली असते.

कॉइल परत बसवावी, जोड ‘टक्’ असा लागला याची खात्री करावी आणि शेवटी बॅटरीची तार जोडावी. ‘रेडी’ केल्यावर इंजिन लगेच सुरू न झाल्यास घाबरू नये. थंड इंजिन थोड्याच वेळात आपोआप सुरू होते. ते थरथरत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर स्कॅनरवरील कोड पाहावा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात. त्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याशी बदलून पाहिली आणि कोडही सरकला, तर दोष कॉइलमध्ये. नाही सरकला तर प्लग किंवा त्याची बसवणूक तपासावी.

घरी करावे की कार्यशाळेत

दिंडोरीपासून नाशिकच्या अधिकृत कार्यशाळा सुमारे २५ किलोमीटरवर आहेत. वॉरंटी सुरू असेपर्यंत काम तिथेच करून घेणे शहाणपणाचे, कारण बिघाडाचा दोष नंतर गाडीच्या मालकावर येत नाही. वॉरंटीनंतर, ज्या गाडीत प्लग सहज दिसतात आणि ज्या घरात टॉर्क रेंच आहे, तिथे हे काम तासाभराचे आहे. प्लगचे बिल, तारीख आणि किलोमीटर वहीत नोंदवून ठेवावेत. आटे बिघडलेले दिसले, प्लग तुटून आत अडकला किंवा नारिंगी केबल बाजूला करावी लागणार असेल, तर हात थांबवून गाडी कार्यशाळेत न्यावी.