सिद्धेश्वर जलाशयातील मासेमारी : गळ व जाळ्याची निवड

औंढा नागनाथ येथे ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास येणारा यात्रेकरू देवळाच्या भिंतीवरील कोरीव काम पाहून बहुधा तेथूनच माघारी फिरतो. त्याच तालुक्यात, पूर्णा नदीवर, सिद्धेश्वर धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे याची त्यास कल्पना नसते. पूर्णा प्रकल्पातील येलदरी व सिद्धेश्वर ही दोन्ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली. वरच्या अंगास येलदरी, खालच्या अंगास सिद्धेश्वर. येलदरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी सिद्धेश्वरात येते आणि तेथून कालव्यांच्या द्वारे परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांतील शेतीस मिळते. शेतकऱ्याची दृष्टी साहजिकच कालव्याकडे असते. परंतु कालव्यात सुटण्यापूर्वी हेच पाणी महिनोन्‌महिने एक दुसरे पीक पोसत असते, आणि ते पीक म्हणजे मासळी होय.

या पिकाची कापणी कोणत्या साधनाने केली जाते यावर पुढील वर्षी पाण्यात काय उरणार हे बव्हंशी ठरते. ज्वारीच्या शेतात कोणी निसवण्यापूर्वी विळा घालीत नाही. पाण्यात मात्र हे सर्रास घडते, कारण पाण्याखालचे पीक डोळ्यांस दिसत नाही.

अलीकडे गळाने मासे धरण्याचा छंद तरुणांत वाढला आहे. शहरांतील दुकानांत आणि टपालाने मिळणारी काठी, रीळ व बनावट आमिषे प्रायः अमेरिकेतील बास आणि युरोपातील ट्राउट या माशांकरिता तयार झालेली असतात. ट्राउट हा थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातील मासा. इंग्रजी अमदानीत तो काश्मीर व निलगिरी येथे आणून सोडण्यात आला आणि तेथे टिकला. पाण्याचे उष्णतामान वीस अंशांच्या फारसे वर गेले की तो कष्टी होतो. मराठवाड्यातील उन्हाळी पाण्यात त्याचा निभाव लागणे शक्य नाही. बास हा उबदार पाण्यातील, पाणवनस्पतींत दबा धरून बसणारा मासा असून तोही आपल्याकडे नाही. तेव्हा विकत आणलेली सामग्री जशीच्या तशी वापरण्याऐवजी आपल्या पाण्यातील कोणता मासा कोठे राहतो, काय खातो व कसा गिळतो हे आधी पाहिले पाहिजे.

बासचे आपल्याकडील प्रतिरूप शोधावयाचे झाल्यास ते मरळ होय. काठावरील गवत, पाण्यात बुडालेली बाभळीची खोडे, उथळ पाण्यातील वेली हे तिचे वसतिस्थान. मरळीस कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे इंद्रिय आहे, त्यामुळे ती थोड्याथोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते. सकाळी वारा पडलेला असताना काठाशी निश्चल उभे राहिल्यास गवताजवळ उठणारे ते लहानसे वर्तुळ सहज ओळखता येते, आणि गळ टाकावयाचा तो तेथेच. पूर्वी मरळीसाठी जिवंत बेडूक गळास लावीत असत. ही रीत सोडून देणे इष्ट. बेडूक पिकांवरील किडे खातो, आणि परदेशी पाठविण्यासाठी होणारी त्याची बेसुमार पकड पाहून १९८७ साली भारत सरकारने बेडकाच्या पायांची निर्यातही बंद केली. बासकरिता निघालेला रबरी बेडूक येथे उत्तम काम देतो. त्याचे दोन गळ पाठीस चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो गवतावरून ओढला तरी अडकत नाही. सुमारे दोन मीटर लांबीची ताठ काठी आणि पंधरा ते वीस किलो ताण सोसणारी विणलेली दोरी घ्यावी. बारीक तंगूस वेलींत गुंतून तुटते आणि तोंडात गळ रुतलेला मासा विनाकारण मरतो. बेडूक हिसक्याहिसक्याने, मध्ये थांबत ओढावा. मरळीने झडप घातली की नवखा माणूस तत्क्षणी काठी उचलतो, आणि रिकामा बेडूक त्याच्या अंगावर येतो. एक-दोन श्वास थांबून, दोरी ताणली गेल्यावरच झटका द्यावा.

मरळीच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक ग्रामसेवकाने गावातील मुलांना दाखवून द्यावयास हवी. पावसाळ्यात मरळीची जोडी गवतात गोल जागा साफ करून अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात आणि दोघेही त्यांची राखण करतात. पिले बाहेर पडल्यावर तांबूस रंगाचा त्यांचा थवा पृष्ठभागावर ताटाएवढ्या ठिपक्याप्रमाणे सरकत राहतो आणि त्याच्या खालोखाल आईबाप फिरत असतात. या थव्यावर बनावट बेडूक टाकला तर मरळ हमखास तुटून पडते. ती भुकेने नव्हे, तर पिलांवर शत्रू आला असे समजून. काही हौशी मंडळी यालाच कसब मानतात! वस्तुतः यात कसब कसले? आईबाप काढून नेल्यावर तो थवा इतर माशांच्या तोंडी जातो. एका मरळीच्या मोबदल्यात शेकडो पिले जातात. पाण्यावर तांबूस ठिपका दिसला की त्या जागेपासून दूर जावे आणि पिले पांगेपर्यंत तेथे गळ टाकू नये.

कटला, रोहू व मृगळ यांची गोष्ट निराळी. हे मासे झडप घालीत नाहीत, चरतात. कटला वरच्या थरात चरतो व त्याचे तोंड वर वळलेले असते. रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. त्यामुळे एकच काठी, एकच गळ असला तरी तरंडापासून गळ किती खोल सोडला यावर कोणता मासा लागणार हे ठरते. कटल्यासाठी गळ वरच्या पाण्यात अधांतरी ठेवावा, मृगळासाठी शिशाची गोळी लावून तळाशी टेकवावा. रोहू व मृगळ यांचे तोंड लहान व ओठ मऊ असल्याने मोठा गळ कुचकामी ठरतो. पाव मिलिमीटरपेक्षा थोडी जाड, परंतु चार दशांश मिलिमीटरहून अधिक नाही, अशी तंगूस पुरेशी होते. तरंड विकत घेण्याची गरज नाही. मोरपिसाचा देठ किंवा ज्वारीच्या ताटाचा गाभा हलका असतो व किंचित टोचणीनेही हलतो. आमिष म्हणून कणीक, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ व शेंगदाण्याची पेंड एकत्र मळून घट्ट गोळी करावी. आदल्या दिवशी त्याच जागी मूठभर पेंड व कोंडा टाकून ठेवल्यास मासे तेथे चरावयास येतात. पहिल्या पुरानंतर पाणी गढूळ होते तेव्हा चकाकणारी बनावट आमिषे माशास दिसतच नाहीत. त्या दिवसांत वासाचे आमिष, म्हणजे पेंड किंवा गांडूळ, हेच उपयोगी पडते.

शिंगाडा (पाण्यातील फळ नव्हे, मिशांचा मासा) व वाम हे तळाचे आणि विशेषतः रात्रीचे मासे. दोन्ही गांडुळास लागतात. शिंगाड्याच्या पाठीवरील व बाजूच्या परांतील काटे हातात घुसल्यास जखम चिघळते, म्हणून तो ओल्या फडक्यात धरूनच गळातून सोडवावा.

ट्राउटप्रमाणे खडकाळ, वाहत्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध झुंजणारा आपला मासा म्हणजे खडस. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा पुण्याजवळच्या मुळामुठेतील या माशास त्याने मराठी नावावरूनच ‘खुद्री’ असे शास्त्रीय नाव दिले. आज तो सह्याद्रीतील नद्यांतही पूर्वीसारखा आढळत नाही. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० नंतर त्याची कृत्रिम पैदास सुरू केली आणि तेथील पिले अनेक ठिकाणी सोडण्यात आली. खडस गळास लागल्यास तो पाण्यातच सोडवून परत जाऊ द्यावा. त्यासाठी गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवावा, आणि माशास हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघून जाते व तेथे रोग धरतो.

गळाने एका वेळी एकच मासा निघतो. जलाशयाचे भवितव्य खऱ्या अर्थाने ज्यावर अवलंबून आहे ते जाळे होय.

कटला, रोहू व मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या, फुगलेल्या नदीत अंडी घालतात; साचलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे संप्रेरकाच्या टोचणीने या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेण्यात यश मिळविले, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांत बीज तयार होऊ लागले. जलाशयात सोडावयाची पिले मत्स्यजिरे अथवा लहान मत्स्यबीजाच्या अवस्थेतील नसावीत, तर आठ-दहा सेंटिमीटर लांबीची बोटुकली असावीत. त्याहून लहान पिले मरळ व शिंगाडा यांचे भक्ष्य होतात. बोटुकलीस पैसे पडतात. ती पूर्ण वाढण्यापूर्वीच उचलली तर नुकसान किती होते, याचा हिशोब शाळेतील मुलालाही करता येईल. समजा, शंभर ग्रॅमचे शंभर मासे बारीक जाळ्यात आले. विक्रीस दहा किलो मासळी मिळाली, तीही हलक्या भावाची. तेच मासे आणखी आठ-दहा महिने राहिले, त्यांतील तिसरा हिस्सा मेला आणि उरलेले सातशे ग्रॅमचे झाले असे धरले, तरी सुमारे सत्तेचाळीस किलो मासळी होते. मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे ओढणारा दहा किलो घरी नेतो आणि उरलेले सदतीस किलो कोणाचे गेले हे त्यास कळतही नाही, कारण ते बहुधा शेजाऱ्याचे किंवा संस्थेचे असतात.

उभ्या लावलेल्या जाळ्यात मासा डोके घालतो व कल्ल्यांपाशी अडकतो. लहान मासा आसातून आरपार जातो, फार मोठा मासा आदळून परत फिरतो. ज्या मापाच्या माशास आस नेमका बसतो त्याहून पाचव्या हिश्शाने लहान वा मोठे मासे त्यात क्वचितच सापडतात. म्हणजे आसाचे माप ठरविले की कोणते मासे वाचवावयाचे हेही ठरते. माप काढण्याची रीत सोपी आहे. बाजारात आणलेल्या, विक्रीस योग्य अशा माशाच्या अंगाचा सर्वांत जाड भागाचा घेर दोऱ्याने मोजावा. त्या घेराच्या दोन-पंचमांश इतका ताणलेला आस असावा. घेर पंचवीस सेंटिमीटर असल्यास आस दहा सेंटिमीटर. त्याच लांबीच्या रोहूपेक्षा कटल्याचा घेर मोठा असतो, हे ध्यानात ठेवून दोन्ही मासे मोजावेत.

येथे खरेदीत एक फसगत होते. आस दोन प्रकारे मोजतात : एका गाठीपासून लगतच्या गाठीपर्यंतची बाजू, किंवा आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर. दुसरे माप पहिल्याच्या दुप्पट येते. दुकानदाराने ‘पाच सेंटिमीटर’ म्हटले म्हणजे ते बाजूचे की ताणलेले हे विचारून घ्यावे, आणि शक्य तर पट्टी बरोबर नेऊन दहा आस ओळीने मोजून सरासरी काढावी. नवे जाळे भिजल्यावर काहीसे आवळते. सुताच्या व तागाच्या जाळ्यांचा काळ संपला आणि नायलॉन आले, त्याने मच्छीमाराचे श्रम वाचले यात शंका नाही. परंतु सुताचे हरवलेले जाळे काही दिवसांत कुजत असे. नायलॉनचे जाळे खोडास अडकून राहिले तर वर्षानुवर्षे मासे अडकवीत व मारीत राहते. उन्हाळ्यात कालव्यांमुळे पाणी उतरते तेव्हा उघड्या पडलेल्या खोडांवरून असे तुकडे गोळा करण्याचे काम एखाद्या दिवशी श्रमदानाने सहज होईल. तुटलेली तंगूसही काठावर टाकू नये. बगळे व पाणकावळे तीत पाय गुंतून मरतात.

राज्यातील जलाशयांत मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत आहे. हौशी गळकऱ्याने संस्थेची परवानगी घेतल्यावाचून काठी टाकू नये, आणि संस्थेनेही पावसाळ्यातील विणीचे दिवस सांभाळावेत. पाण्यात सुरुंग उडविणे किंवा विष कालविणे १८९७ च्या केंद्रीय कायद्यानेच गुन्हा ठरविले आहे. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना आसाची वरील रीत तितकीच लागू पडते. फक्त तळ्यात मरळ शिरू देऊ नये, कारण तेथे बोटुकलीस पळावयास जागा नसते.

वीजगृहाच्या व दरवाजांच्या खालच्या अंगास प्रवाहामुळे मासे जमतात आणि गळ टाकणाऱ्यांची गर्दीही तेथेच होते. तेथे पाणी केव्हा सुटेल याचा नेम नसतो. भोंगा वाजताच काठी व मासे तसेच सोडून वर यावे, आणि मुलांना त्या खडकांवर एकटे जाऊ देऊ नये.