पोस्टग्रेसचे लॉग हलवले त्या दिवशी

सकाळी १०. आज डेटाबेसचे लॉग सिसलॉगमार्फत मध्यवर्ती सर्व्हरवर न्यायचे. मशीन बंद पडलं की लॉगही त्याच्यासोबत अडकतात, आणि नेमके तेव्हाच ते हवे असतात.

पोस्टग्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये लॉग-डेस्टिनेशनला सिसलॉग लिहिलं. फॅसिलिटी लोकल-झिरो. मेल, कर्नल, क्रॉन यांची खाती ठरलेली. लोकलची आठ आपल्यासाठी मोकळी. रिलोड पुरतो, रीस्टार्ट लागत नाही, म्हणून भरदिवसा हात घालता आला.

११. आता आरसिसलॉग, इथे घाई करायची नाही. उबुंटूच्या ५० क्रमांकाच्या मूळ फाइलीतली एक ओळ जवळजवळ सगळंच सिसलॉग फाइलीत ओतते. आपली फाइल तिच्याआधी वाचली जावी म्हणून नावाला ३० लावलं. लोकल-झिरोची वेगळी फाइल, मग मध्यवर्ती सर्व्हरची ओळ, आणि शेवटी अँपरसँड नि स्टॉप. हा स्टॉप राहिला तर प्रत्येक ओळ दोन फाइलींत पडते आणि डिस्क दुप्पट वेगाने भरते. लॉगर कमांडने एक ओळ सोडली. टेलवर एकदाच उमटली.

१२.३०. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरी नोंदवायच्या, पण पॅरामीटरची लांबी शून्य.

“अरे, व्हॅल्यूच दिसल्या नाहीत तर मी शोधू कसं?” शेजारच्या डेव्हलपरचा प्रश्न रास्त होता.

“क्वेरी दिसेल, वेळ दिसेल. बाकी स्टेजिंगवर एक्सप्लेन लावून बघ. ग्राहकाचा मोबाइल नंबर लॉगमध्ये जाणार नाही.”

यावर मी तडजोड करत नाही. लॉग वाचणारे खूप असतात.

३. यूडीपी ५१४ वर ओळ हरवली तर कुणालाच कळत नाही. म्हणून पत्त्याआधी दोन ॲट, म्हणजे टीसीपी, आणि पलीकडचा सर्व्हर बंद असेल तेव्हासाठी डिस्कवर रांग. जुन्या सिसलॉगच्या वेळेत ना वर्ष असतं, ना टाइमझोन. २००९ च्या आरएफसी ५४२४ चा साचा घेतला, आता +०५:३० स्पष्ट दिसतं.

४. लॉगरोटेट रोजचा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात, म्हणून मध्यवर्ती सर्व्हरवर तितक्या फाइली.

५.३०. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून लॉगिन केलं. पलीकडे ‘फेटल’ची ओळ आली, सेकंदासकट जुळली. पोस्टग्रेसचं फेटल सिसलॉगमध्ये ‘एरर’ म्हणून उतरतं. अलर्टचा नियम ‘क्रिटिकल’पासून होता, तो ‘एरर’वर आणला. रोटेशन रात्री होईल, ते उद्या आल्यावर बघायचं.